वेदीवरचा हात कुणाचा?

(हैदराबादमध्ये पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

जय भीम. आणि माझ्या आजीच्या सवयीनं, सलाम. नगर जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत दोन माणसं भेटली की सलाम म्हणतात. लहानपणी शाळेत माझ्या तोंडून तो शब्द गेला आणि बाईंनी विचारलं, तुम्ही मुसलमान का? मी म्हटलं, नाही, ख्रिस्ती. त्यावर बाई म्हणाल्या, म्हणजे आधीचे कोण? हा दुसरा प्रश्न मला आजवर सोडून गेलेला नाही. पीएच.डी.चा विषयही त्यातूनच आला.

आज बोलायचं ठरलं तेव्हा घरून फोन आला. वडील म्हणाले, बाई गं, बोलायला हरकत नाही, पण आत्ता ही वेळ आहे का? गावोगाव प्रार्थनासभा बंद पाडतायत, पाळकांना ठाण्यात नेतायत, आणि तू चर्चमधल्या जातीवर भाषण देणार? मी दोन दिवस विचार केला. वडील चुकीचं बोलत नव्हते. तरीही मी इथं उभी आहे. त्याचं कारण शेवटी सांगते.

माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी उपासना घ्यायचे. त्यांच्याकडे चार गावं होती, पुढं सहा झाली. आधी पायी फिरले, नंतर सायकल आली. तान्ह्या मुलांसाठी प्रार्थना करायची, मेलेल्यांना माती द्यायची, दारुड्या नवऱ्याला समजावायचं, तलाठ्याला अर्ज लिहून द्यायचा, सगळं तेच करत. पण बाप्तिस्मा देणं आणि प्रभुभोजनाची भाकर मोडणं हे दोन अधिकार त्यांना नव्हते. त्यासाठी तीन महिन्यांतून एकदा शहरातून पाळक यायचे. ते दुपारच्या एस.टी.नं येत, तासाभरात भाकर मोडत, द्राक्षारसाचा प्याला फिरवत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जात. आजोबांनी दीक्षेसाठी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा उत्तर आलं की शिक्षण कमी पडतं. तिसऱ्यांदा त्यांनी अर्ज केला नाही. ते चर्च कोणतं, हे मी सांगणार नाही. कोणतंही असू शकतं.

तर प्रश्न असा आहे की ख्रिस्ती धर्मात अधिकार येतो कुठून?

नव्या करारात पुढाऱ्यांसाठी मुख्यतः तीन शब्द आहेत. मराठी बायबलमध्ये ते अध्यक्ष, वडील आणि सेवक असे येतात. मूळ ग्रीक अर्थही जवळपास तेच आहेत: देखरेख करणारा, वयानं-अनुभवानं मोठा, आणि वाढणारा. वाढणारा म्हणजे अक्षरशः पंगतीत वाढणारा. पहिल्या शतकात ही पदं आजच्यासारखी एकाखाली एक रचलेली नव्हती. पुढं अध्यक्षाचा बिशप झाला, वडिलांचा प्रीस्ट किंवा पाळक झाला, सेवकाचा डीकन झाला आणि उतरंड तयार झाली. जो मोठा होऊ पाहतो त्यानं सेवक व्हावं, असं येशूनं शिष्यांना सांगितलं होतं. त्याच धर्मात वाढप्याचं पद सगळ्यात खाली गेलं, ही गंमत मला सेमिनरीतल्या एका म्हाताऱ्या शिक्षकांनी सांगितली होती, आणि सांगताना ते हसले नव्हते.

आता एक धर्मशास्त्रीय मुद्दा. कंटाळू नका, तो आपल्या कामाचा आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत वाद झाला. छळाच्या काळात ज्या धर्मगुरूंनी कच खाल्ली, त्यांच्या हातून झालेले संस्कार खरे मानायचे का? डोनेटस नावाच्या बिशपला मानणारे म्हणाले, नाही; हात अपवित्र असेल तर संस्कारही वाया. ऑगस्टीननं याच्या उलट मांडणी केली आणि तीच चर्चनं स्वीकारली. संस्काराची ताकद देणाऱ्या माणसात नसते, ती ख्रिस्ताची असते. माणूस कसाही असो, त्याला रीतसर दीक्षा मिळालेली असली की संस्कार पुरा. मॅक्स वेबर याला पदाचा करिश्मा म्हणतो. म्हणजे तेज व्यक्तीच्या रक्तात नसून खुर्चीत असतं.

आपल्या देशात याचा अर्थ काय होतो बघा. ब्राह्मणी पौरोहित्याच्या मुळावरच हा घाव आहे. इथं पुरोहित जन्मानं ठरतो, त्याचा हातच पवित्र मानला जातो. तिथं सिद्धांत सांगतो की हात कुणाचा आहे याला महत्त्वच नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये काय सुचवलं होतं ते आठवा. पुरोहितपण बंदच झालं तर उत्तम. नाहीच झालं तर निदान ते वंशपरंपरागत नको. परीक्षा हवी, सनद हवी, कुणालाही ती परीक्षा देता यायला हवी, आणि सनद नसलेल्यानं विधी करणं बेकायदा ठरावं. ख्रिस्ती चर्चकडे यातल्या बऱ्याच गोष्टी आधीपासून होत्या. सेमिनरी होती, परीक्षा होती, दीक्षा होती. कॅथलिक धर्मगुरू तर लग्नच करत नाही, मग पद मुलाकडे जाणार कसं?

आणि तरी जात आत शिरली. कशी शिरली, हेच माझ्या संशोधनाचं काम आहे. परीक्षा देऊन इथवर आलेल्या तुम्हा-आम्हाला ते समजून घेण्याची फार गरज आहे.

सुरुवात १७ व्या शतकातल्या मदुराईपासून करू. रॉबर्ट डी नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ मध्ये तिथं पोचला. वरच्या जातींना धर्मात आणायचं म्हणून त्यानं संन्याशाचा वेश घेतला, शाकाहार धरला, खालच्या जातींशी उघड संपर्क टाळला. पुढं त्या मिशनात दोन प्रकारचे धर्मगुरू झाले. एक ब्राह्मणांसाठीचे संन्यासी, दुसरे इतर जातींसाठीचे पंडारस्वामी. म्हणजे पद तेच, दीक्षा तीच, पण कोणता धर्मगुरू कुणाच्या दारी जाणार हे जात ठरवणार. १७४४ मध्ये पोप चौदाव्या बेनेडिक्टनं या प्रथांवर निर्बंध घातले, पण अस्पृश्यांसाठी वेगळे मिशनरी नेमायची तडजोड चालू दिली. सिद्धांत शाबूत राहिला आणि भिंतही शाबूत राहिली. तमिळनाडूत वडक्कनकुलमला १९ व्या शतकात कॅथलिक चर्चची इमारतच दोन बाजू फुटलेली बांधली, मधे भिंत. इकडे एक जात, तिकडे दुसरी, आणि दोघांना दिसेल अशी वेदी. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूरमध्ये दफनभूमीत भिंत आहे. मेल्यावरसुद्धा!

प्रोटेस्टंट मंडळी म्हणतील, हे कॅथलिकांचं. थांबा. तंजावर आणि मद्रासच्या जुन्या लुथरन मंडळ्यांत वेल्लाळ ख्रिस्ती आधी प्रभुभोजन घ्यायचे, परैयर नंतर. १८३३ मध्ये कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी हुकूम काढला की जात तात्काळ आणि कायमची सोडा. वेल्लाळांतल्या बऱ्याच जणांनी चर्च सोडलं, जात सोडली नाही. या प्रसंगात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या प्याल्याला कुणाचे ओठ लागले यावर भांडण झालं, पण तो प्याला धरणारा हात दलिताचा असेल ही कल्पना त्या भांडणात कुणाच्या डोक्यातही फारशी नव्हती.

गोव्याची गोष्ट तर मराठी माणसानं ऐकलीच पाहिजे. दिवाडी बेटावरचा मातेउस द कास्त्रो हा ब्राह्मण ख्रिस्ती. गोव्यात त्याला धर्मगुरू होऊ देईनात, कारण तो नेटिव्ह. तो रोमला गेला, शिकला, धर्मगुरू झाला आणि १६३७ मध्ये चक्क बिशप झाला. परत आल्यावर पोर्तुगीज त्याला बिशप मानायला तयार नव्हते. तो आदिलशाही मुलखात डिचोलीला जाऊन राहिला आणि पोर्तुगिजांशी जन्मभर लढला. वर्णद्वेषाविरुद्ध लढणारा एवढा चिवट माणूस! पण १६५३ मध्ये त्यानं जे पत्रक लिहिलं त्याचं नाव 'ब्राह्मणांचा आरसा'. त्यानं हाक दिली ती ब्राह्मणांना. मी हे वाचलं तेव्हा हातातला चहा गार झाला. नंतर १७८७ चं पिंटोंचं बंड. तिथंही वरची पदं गोऱ्यांना जातात हा गोवेकर धर्मगुरूंचा राग होता. राग खराच होता. पण ज्या गोव्यात सेमिनरीची दारं मुख्यतः बामण आणि चार्डो मुलांसाठी उघडी होती, तिथं कुळवाड्याच्या पोरानं तो राग कुणावर काढायचा? प्रतिनिधित्वाची मागणी आपल्यापर्यंत येऊन थांबते, खाली पाझरत नाही, हे आपण आजही बघतो. आपल्यातही बघतो.

आता दुसरी बाजू. दलित ख्रिस्ती समाज मिशनऱ्यांनी घडवला, असं आपल्याला शिकवलं जातं. हे अर्धसत्य आहे. सियालकोटजवळचा दित्त घ्या. पायानं अधू, चुहरा जातीचा, कातडी विकत घेऊन विकणारा, निरक्षर. १८७३ मध्ये बाप्तिस्मा घेऊन तो मिशनच्या आवारात राहिला नाही, गावी परत गेला, धंदा करत करत गावोगाव बोलत राहिला. पंजाबातली मोठी धर्मांतरं तिथून सुरू झाली. मिशनरी त्याच्या मागून गेले. इकडे तेलुगू मुलखात येर्रागुंट्ला पेरय्या, मादिगा, तोही कातड्याचा व्यापारी. त्यानं जे पेरलं त्याचं पीक म्हणजे १८७८ च्या जुलैमध्ये ओंगोल मिशनात एका दिवसात २,२२२ बाप्तिस्मे. ही माणसं पुढारी होती की नव्हती? वेबरच्या भाषेत हा शुद्ध करिश्मा. पण दित्त पाळक झाला नाही. चळवळ खालून उठली, आणि तिची संस्था झाल्यावर पदांना शिक्षणाची अट लागली. शिक्षण ज्यांच्याकडे आधीपासून होतं त्यांच्याकडे पदं गेली. आमच्या नगरकडेही अमेरिकन मिशननं १८५४ मध्ये ज्या दोन एतद्देशीयांना पहिल्यांदा पाळकपदाची दीक्षा दिली, ते हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक, दोघंही ब्राह्मण. त्यांनी घरदार गमावून धर्म घेतला होता, त्यांची किंमत मला कमी करायची नाही. पण मंडळी महार-मांगांनी भरली आणि माझ्या आजोबांच्या अर्जावर 'शिक्षण कमी' असा शेरा आला, याची सुरुवात मला तिथं दिसते.

अपवाद आहेत, आणि मोठे आहेत. वेदनायगम सॅम्युअल अझरैया १९१२ मध्ये कलकत्त्यात पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले आणि दोर्नकलला आले, इथून फार लांब नाही. ते तमिळ नाडार. ताडी उतरवणारी म्हणून देवळाबाहेर ठेवलेली ती जात. त्यांचा धर्मप्रांत माला-मादिगांचा. त्यांनी त्यातूनच गावोगाव शिक्षक आणि पाळक उभे केले. त्याच वेळी १९३० च्या दशकातल्या धर्मांतराच्या राजकारणात त्यांची आणि बाबासाहेबांची दिशा एक नव्हती, हेही नोंदवून ठेवते. कॅथलिकांत भारताला पहिला कार्डिनल मिळाला १९५३ मध्ये, मुंबईचे वॅलेरियन ग्रेशस. पहिला दलित कार्डिनल मिळाला २०२२ मध्ये, याच हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला. मधे ६९ वर्षं. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनं दलितांविषयीचं धोरण जाहीर केलं, त्यात चर्चमध्ये जातिभेद आहे आणि अस्पृश्यताही आहे, अशी कबुली दिली. कबुली हा शब्द कॅथलिकांना नवा नाही. कबुलीनंतर प्रायश्चित्त असतं, हेही त्यांना ठाऊक आहे.

मग अडतं कुठं? नेमणुकीची वाट बघा. कॅथलिक चर्चमध्ये बिशप पोप नेमतात. पोपचे राजदूत गुप्तपणे चौकशी करतात आणि तीन नावं रोमला जातात. ती तीन नावं कुणाच्या शिफारशीनं आली, हे सामान्य श्रद्धावंताला कधी कळत नाही. सी.एस.आय.मध्ये निवडणूक असते. धर्मप्रांताचं कौन्सिल मतदान करून काही नावं पुढं पाठवतं आणि सिनड त्यातून निवड करतं. निवडणूक म्हटल्यावर तुम्हाला बरं वाटेल. पण बिशपच्या खुर्चीखाली शाळा, कॉलेजं, इस्पितळं आणि शहरांच्या मध्यातल्या जमिनी आहेत. २०२३ ची मॉडरेटरची निवडणूक मद्रास उच्च न्यायालयात गेली, ती काही उपासनेच्या पद्धतीवरून गेली नव्हती. आणि जिथं दलित बहुसंख्य आहेत तिथं माला की मादिगा हा हिशोब सुरू होतो. माझ्या मुलाखतींत एका मादिगा पाळकांनी सांगितलं, आमचा बिशप झाला तर आम्ही पेढे वाटले, पण माझी बदली जुन्याच गावी झाली.

परीक्षा सगळ्यांना खुली असते, बरोबर. पण परीक्षेला बसण्याची शिफारस कोण लिहितं, वसतिगृहात जेवताना कोण कुणाशेजारी बसतं, पास झाल्यावर शहरातलं चर्च कुणाला आणि सहा गावांची सायकल कुणाला, हे त्या प्रश्नपत्रिकेत नसतं. तुमच्यापैकी जे नेट-सेट होऊन मुलाखतीला गेलेत, त्यांना मी हे अधिक समजावत नाही.

बायकांविषयी थोडक्यात, कारण तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रीला धर्मगुरू होता येत नाही आणि १९९४ मध्ये पोपनी तो दरवाजा पुन्हा बंद केला. सी.एस.आय.मध्ये २०१३ ला नंद्यालला पुष्पललिता पहिल्या महिला बिशप झाल्या. आणि आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर दोन वर्षांच्या आत अँग्लिकन वडीलधाऱ्यांशी भांडण काढलं होतं. आपण देवाची आज्ञा मानतो, कुणा बिशपची नाही, असा त्यांचा रोख होता. त्यांनी चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुषांना शिकवावं का, यावर इथले बिशप पत्रं लिहून हरकत घेत होते! १८८५ मध्ये 'सत्सार' लिहून रमाबाईंची बाजू घेणारे होते जोतीराव फुले.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. १९८५ मध्ये सुसाई नावाच्या मद्रासच्या चांभारकाम करणाऱ्या माणसाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सरकारी योजनेतली टपरी त्याला नाकारली होती, कारण तो ख्रिस्ती झाला होता. न्यायालय म्हणालं, धर्मांतरानंतरही तोच जाच तितक्याच तीव्रतेनं चालू आहे, हे दाखवा. म्हणजे पेच बघा. सरकार म्हणतं, तुमच्यात जात आहे हे सिद्ध करा. चर्चचे पुढारी म्हणतात, बाहेर कबूल करू नका, बदनामी होते. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मध्ये धर्माची अट काढायची शिफारस केली. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. पुरावा कोण देणार? ज्याच्या लेटरहेडला किंमत आहे तो देत नाही, आणि ज्याच्याकडे पुरावा आहे त्याला लेटरहेड नाही.

आणि मार कोण खातं? २००८ मध्ये कंधमाळात घरं जळाली ती पाणो दलितांची आणि कंध आदिवासींची. आजही ज्या पाळकाला ठाण्यात नेतात तो बहुतेक वेळा सहा गावं सायकलवर फिरणारा असतो. चर्चमधल्या जातीवर बोललं तर हल्लेखोरांना हत्यार मिळेल, ही भीती मला कळते. पण ते हत्यार ज्याच्या पाठीवर पडतं, त्यालाच गप्प बसायला सांगणं मला जमत नाही. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला बाबासाहेब ख्रिस्ती समाजापुढं बोलले होते. शिकलेले ख्रिस्ती आपल्याच गरीब भावंडांसाठी राजकारणात उभे राहत नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. त्या सभेत आमच्या आजोबांच्या पिढीतलं कुणी असेल का, हे मी अजून शोधते आहे.

आजोबा गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक वही सापडली. त्यांनी माती दिलेल्यांची नावं तिच्यात तारखेसह होती, चारशेच्या वर. शेवटच्या पानावर दीक्षेच्या विधीतले प्रश्न हातानं उतरवून काढलेले होते, आणि प्रत्येक प्रश्नाखाली त्यांनी आपलं उत्तर लिहून ठेवलं होतं.

पुढच्या महिन्यात आमच्या मंडळीची वार्षिक सभा आहे. मी लेखी प्रश्न पाठवला आहे: आपल्या धर्मप्रांतात आजवर किती सुवार्तिक आणि मास्तर दीक्षेविना निवृत्त झाले, त्यांची नावं आणि अर्ज दप्तरात आहेत का, असतील तर वाचून दाखवावेत. अर्जावर सभासद म्हणून वडिलांची सही हवी होती. ते रात्रभर काही बोलले नाहीत. सकाळी सही करून, रजिस्टर पोस्टानं पाठवून, पावती त्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅप केली.